मनगटाचा भाव, जांघेचा भाव

आमच्या सिरसाळ्यात एके काळी असा एकही माणूस नव्हता, ज्याला माझ्या वडिलांच्या जांघेचा भाव माहीत नव्हता. हे वाक्य मी आजवर कित्येक पंगतींत आणि बारशांत सांगितलंय, एकदा तर मयताच्या घरीसुद्धा. लोक पोट धरून हसले आहेत. मी सांगतोच तसं. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, कुठं डोळा मिचकवायचा, सगळं बसलेलं आहे. लिहायला बसलो की मात्र अंग चोरल्यासारखं होतं, कारण कागदावर डोळा मिचकवता येत नाही आणि लाज तेवढी उरते.

आमची भुसार मालाची अडत. ज्वारी, तूर, हरभरा. वडिलांना आम्ही आणि गावही अप्पाच म्हणायचं. शेतकऱ्याचा माल ढिगाला पडला, की अप्पा खांद्यावरचा पंचा काढायचे, स्वतःच्या आणि खरेदीदाराच्या हातावर टाकायचे आणि पंचाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार, अख्खा पंजा म्हणजे पाच. शेवटी तळहाताला तळहात घट्ट भिडला की सौदा पक्का. हे सगळं पंचाखाली. वर तोंडानं भलतंच चाललेलं असायचं. पाऊसपाणी, कुणाच्या पोराचं लग्न, बैलाचं दुखणं. याला हत्ता म्हणायचे. बाजार समितीनं हत्ता कधीच बंद केला होता. भाव उघड बोला, शेतकऱ्याला ऐकू जाऊ द्या, असा नियम, आणि नियम चांगलाच होता. समितीचा माणूस समोर असला की अप्पा लिलाव उघड बोलायचे. तो चहाला गेला की पंचा यायचा.

मला ही बोटांची भाषा धड आली नाही. मी कॉलेजचं पाणी प्यायलेला, खिशात कॅल्क्युलेटर बाळगणारा. बाजारात नवं वारं शिरलं होतं, दुकानादुकानात रंगीत टीव्ही आणि बाटल्यांचे फ्रिज आले होते, आणि उघड बोलणं हेच पुढारलेपण असं माझं ठाम मत होतं. हे मत लक्षात ठेवा. पुढं त्यानंच घात केला.

एका सकाळी तुरीच्या ढिगापाशी सौदा चालला होता. परळीचा व्यापारी, वर पंचा, खाली बोटं. मध्येच अप्पांची डावी पापणी खाली आली. व्यापाऱ्याला वाटलं, अप्पांनी डोळा मारला, म्हणजे मागं दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. त्यानं मुकाट्यानं एक बोट वाढवलं. सौदा पटला, शेतकरी खूश, व्यापारी गेला. पापणी काही वर गेली नाही. मग अप्पांनी डोकं धरलं आणि पोत्यावर बसले.

अंबाजोगाईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोक्याचं स्कॅन बघितलं आणि मला बाजूला घेऊन समजावलं. मेंदूच्या एका रक्तवाहिनीवर फुगवटा आलेला दिसतो, तो पापणीच्या नसेवर दाबतोय. तो फुटला तर माणूस हाती लागायचा नाही. नक्की कुठं आणि केवढा, हे बघायला औरंगाबादला जाऊन मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढावे लागतील.

"बारीक नळी मेंदूपर्यंत सरकवायची, तिच्यातून औषध सोडायचं आणि फोटो काढायचे," ते म्हणाले. "बहुतेक ठिकाणी जांघेतून नळी घालतात. तिथं एक नवे डॉक्टर आलेत, ते मनगटातूनही घालतात. हा नंबर घ्या, दोन्हीचा खर्च विचारा आणि तयारीनं जा. पण आज-उद्यात जा. टाळू नका."

अप्पा म्हणाले, आधी घरी चला. तेव्हा आधी घरी आलो.

दुसरा दिवस आठवडी बाजाराचा. दुकानासमोर एसटीडी बूथ होता. त्याला काचेची केबिनही होती, पण मालकानं तिच्यात थंड पेयांचे क्रेट रचलेले. फोन बाहेर टेबलावर, तोंड थेट रस्त्याकडं. लाइन अशी, की पलीकडचा माणूस पाण्याच्या टाकीत बसून बोलतोय असं वाटावं. मी ओरडलो.

"हॅलो! मेंदूचे फोटो काढायचेत! हां, मेंदूचे! जांघेतून केलं तर किती?"

पलीकडून काहीतरी गुरगुर आली.

"जांघ! जांघ हो! मांडीच्या वर!"

शेजारी मिरच्या तोलणाऱ्याचा हात तागडीवरच थांबला.

"बारा हजार? आणि मनगटातून? पंधरा? का पण, पंधरा कावून?"

दुकानाच्या पायरीवरून माझे काका, म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ, तोंडाशी दोन्ही हात धरून ओरडले, "रातच्या खाटंसकट इचार!"

"रात्रीची खाट धरून का? नाही? खाट वेगळी? जांघेला रात्रभर झोपावं लागतं, आणि मनगटाला संध्याकाळी सुट्टी? हां! हां! जांघ बारा, खाट वेगळी. मनगट पंधरा, खाट नाही!"

मी एकेक आकडा मुद्दाम मोठ्यानं परत म्हणत होतो. काकांना ऐकू जावं म्हणून. काकांना ऐकू गेलं. मिरचीवाल्याला गेलं, पानपट्टीला गेलं, बैलगाड्या सोडलेल्या ओट्यापर्यंत गेलं. फोन ठेवून मी वळलो, तर बाजार माझ्याकडं बघत होता. आणि दुकानात गादीवर बसलेले अप्पा कुणाकडंच बघत नव्हते. त्यांनी पंचा डोक्यावरून पुढं ओढून पडलेल्या पापणीवर घेतला होता.

तासाभरात दुकान भरलं. आमच्याकडं आजाऱ्याला बघायला येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही, निदान सल्ला तरी घेऊन येतो.

"जांघंतूनच करा अप्पा. तीन हजार वाचत्यात."

"कुठं वाचत्यात बे?" काका पुढं सरसावले. ते हिशेबाला बसले की गावातला एकही व्यापारी मध्ये बोलत नसे. "ढिगापाशी बारा म्हंजी घरी पडस्तोवर बारा ऱ्हातंय का? हमाली धर. तोलाई धर. रातची खाट धर. आमच्या दोघांचं लॉज, दोन टायमाची खानावळ धर. तिकडं मनगटाला नळी महाग, शीर आखडू नये म्हणून औषध महाग, पण सांजंला माणूस जीपमदी. बराबर होतंय सगळं. उलट जांघच चढंल शंभर-दोनशेनं."

"नळी कावून महाग म्हणं मनगटाची?"

"नवा माल हाय. नव्या मालाला चढा भाव ऱ्हातोच."

"अन् जांघंवर वाळूची पिशवी ठेवत्यात, रगत थांबावं म्हणून. माझ्या साडूला हृदयाच्या टायमाला ठेवलती. तिचे बी पैसे लावत्याल बघा."

"वाळू आपल्या वाण नदीची नेऊ की! पोतं भरून!"

हशा पिकला. मीही हसलो. खोटं कशाला बोलू, मी सगळ्यात मोठ्यानं हसलो, आणि वर म्हणालो, "दोन पोती भरून नेऊ, उरली तर डॉक्टरला विकू."

पायरीशी भाजीची पाटी घेऊन बसलेली मावशी इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "कावून रं बाबांनो, ज्याची जांघ हाय, त्याला इचारलं का कुणी?" आणि बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते कळून तिनं पदर तोंडावर घेतला.

तेव्हा सगळ्यांनी अप्पांकडं बघितलं. पंचाआडून आवाज आला.

"मला काय बी करायचं न्हाई. एक पापणी पडली, दुसरी हाय. जावा आपापल्या कामाला."

कुणी जागचं हललं नाही. काका समजूत घालायला लागले, भाव आणखी पाडून घेऊ म्हणाले. अप्पांनी मान वळवली, आणि मला त्यांचा कान दिसला. लालभडक झाला होता.

अंघोळसुद्धा पंचा गुंडाळून करणारा माणूस. आईनंसुद्धा कधी त्यांचा उघडा गुडघा बघितला नसेल. पण तेवढंच नव्हतं. ज्यानं उभ्या जन्मात एका ढिगाचा खरा भाव उघड्यावर तोंडातून काढला नाही, त्याच्या अंगाचा भाव त्याच्या पोरानं भर बाजारात पुकारला होता, आणि आता त्याच्याच गादीभोवती बोली चालली होती. उघड लिलाव. सगळ्यांना ऐकू जाईल असा. माझी पुढारलेली पद्धत. अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले होते, आज-उद्यात. आज तर निम्मा सरला होता, आणि अप्पा त्या फुगवट्यासकट गादीला चिकटून बसले होते. कशासाठी, तर लाजेसाठी.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. मग जे कधी केलं नव्हतं ते केलं. त्यांच्या खांद्यावरून लोंबणारा पंचाचा पदर ओढून आमच्या दोघांच्या हातावर टाकला.

अप्पांचा हात आधी तसाच पडून राहिला. तो गार होता. मग त्यांचा अंगठा माझ्या बोटांवरून चालत आला, तळहातावरून मागं सरकला आणि माझ्या मनगटावर येऊन थांबला. नुसता थांबला. एवढी बोटांची भाषा मलाही कळत होती. मी पंजा उघडला आणि त्यांच्या तळहाताला घट्ट भिडवला. त्यांनी दाबून धरला.

वर तोंडानं ते सगळ्यांना म्हणाले, "बघू पुढल्या बाजारच्या नंतर. घाई न्हाई."

लोक निराश होऊन उठले. काकाही उठले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना जीपमध्ये बसायला सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मला बी न्हाई सांगितलं?"

औरंगाबादच्या त्या दवाखान्याची फरशी इतकी चकचकीत होती, की काकांनी वहाणा दारातच काढल्या. मग अनवाणी काउंटरवर जाऊन ते काउंटरवाल्याशी भिडले. मनगटाचे पंधरा, पण आम्ही घरचं जेवण आणलंय. सतरंजी घरची. संध्याकाळी जाणार, म्हणजे लाइटही जाळणार नाही. काय कमी करता? काउंटरवाला म्हणाला, इथं भाव होत नाही. काका म्हणाले, भाव होत न्हाई अशी जागा अजून माज्या बघण्यात न्हाई. मागं रांग वाढत होती. मी भिंतीवरचा देवाचा फोटो बघत उभा राहिलो, हे गृहस्थ आपले कुणीच नाहीत असं तोंड करून. बाहीला धरून ओढत काकांनीच ते फोल ठरवलं. "हा माज्या भावाचा पोरगा. ह्याला इचारा, आमी उधार करत न्हाई."

मग डॉक्टर आले. तिशीतला तरुण माणूस, बोलायला मऊ. त्यानं अप्पांना खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर बसला आणि म्हणाला, "बाबा, मनगटातून करायचं तर आधी हात बघू दे." त्यानं अप्पांचा उजवा हात आपल्या हातात घेतला, मनगटाच्या दोन्ही बाजू अंगठ्यांनी दाबल्या. "मूठ आवळा. सोडा. परत आवळा."

तीन दिवसांत पहिल्यांदा अप्पांच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी उमटलं. परक्या गावात, परक्या माणसांत, शेवटी एक जण भेटला होता ज्याला कामाची रीत माहीत होती. त्यांनी डाव्या हातानं खांद्यावरचा पंचा ओढला आणि शांतपणे डॉक्टरांच्या हातावर टाकला.

डॉक्टर बघतच राहिले.

अप्पा छताकडं बघत म्हणाले, "औंदा पाऊस बरा हाय न्हवं तुमच्याकडं?"

"आहे," डॉक्टर चाचरत म्हणाले. "बाबा, हे... तुम्ही माझी बोटं का दाबताय?"

"दोन कमी करा म्हणत्यात," काकांनी मागून अदबीनं उलगडा केला.

दारातल्या नर्सनं तोंडावर हात ठेवला. दुसरी तिला चिमटा काढून बाहेर घेऊन गेली, आणि बाहेरून जो आवाज आला तो मला आजही ऐकू येतो. मी डॉक्टरांना सगळं समजावून सांगितलं. बोटं, ढीग, पंचा. सांगताना माझी मान अशी खाली गेली, की मला फरशीत माझंच तोंड दिसलं.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "बाबा, पैशाचं काउंटरवर. मला फक्त तुमच्या तळहाताचा रंग बघायचाय. कापड काढावं लागेल."

पंचा निघाला. डॉक्टरांनी परत दोन्ही बाजू दाबल्या, मूठ उघडायला लावली. तळहात मळलेल्या पिठासारखा पांढरा पडला होता. त्यांनी एका बाजूचा अंगठा उचलला. आम्ही चौघं त्या उघड्या पंजाकडं बघत राहिलो. रंग येईना. बोटांच्या टोकांना जरा गुलाबी चढल्यासारखं झालं आणि तिथंच थांबलं. डावा हात बघितला. तो थोडा बरा, पण भरवशाचा नाही.

"हाताला दोन रक्तवाहिन्या असतात," डॉक्टर म्हणाले. "एकीतून नळी घातली आणि ती बंद पडली, तर दुसरीनं पंजा जगवायचा. तुमची दुसरी अशक्त आहे. मनगटातून नको. जांघेतूनच करावं लागेल."

म्हणजे गावभर झालेला तो सगळा हिशेब, ती खाट, ती हमाली, ती वाळू, सगळं वाया गेलं. मनगट पहिल्यापासून बाजारात नव्हतंच.

काकांनी तेवढ्यात मनाशी तीन हजार कमी केलेले मला दिसले. त्यांनी तोंड उघडलं, आणि देवाची कृपा, परत मिटलं.

अप्पा उठले. पंचा झटकून खांद्यावर टाकला. "चला घरी."

"बाबा, फुगवटा फुटला तर..."

"फुटू द्या. म्हातारपणी बायामाणसांपुढं उघडा व्हायचा न्हाई मी."

ते दारापर्यंत गेलेसुद्धा. मी त्यांचा हात धरायला गेलो, तो त्यांनी सोडवून घेतला. एका डोळ्यानं चालणारा माणूस, त्याला चौकट नीट दिसेना, खांदा आपटला. तरी थांबले नाहीत. डॉक्टरांनी मग कपाटातून एक घडी काढली आणि त्यांच्यासमोर जाऊन उलगडली. हिरवं कापड, आमच्या खळ्यावरच्या ताडपत्रीएवढं मोठं, आणि त्यात एका जागी जेमतेम रुपया मावेल एवढं भोक.

"हे बघा. गळ्यापासून पायापर्यंत हे असतं. तयारीला पुरुष माणूस येईल, तेही पडदा लावून. आत आलात की एवढं भोक सोडून कुणाला काही दिसत नाही. मलासुद्धा नाही. मी हातानं नाडी चाचपतो आणि पुढं टीव्हीच्या पडद्यावर बघतो." त्यांनी कापडाखाली आपला हात घालून दाखवला. "आमचं कामसुद्धा कापडाखालीच चालतं, बाबा."

अप्पांनी कापडाचं टोक चिमटीत धरलं. ज्वारी हातात घेऊन बघावी तसं चोळून बघितलं. भोकातून एक बोट घालून बघितलं. मग डॉक्टरांकडं न बघता विचारलं, "बाहीर कुणी काय इचारलं तर?"

"काही सांगत नाही कुणाला."

अप्पा माझ्याकडं वळले. "आन् ह्यो?"

एवढंच. मला वाटलं, त्या चकचकीत फरशीनं मला गिळावं. मी मान हलवली. तोंडानं काही बोलायची माझी पत उरली नव्हती.

गळ्यातलं इष्टलिंग काढणार नाही, असं त्यांनी आत जाताना बजावलं. फोटोत मध्ये येईल म्हणून डॉक्टरांनी ते डाव्या दंडाला बांधू दिलं. दार बंद झालं.

फुगवटा सापडला. पुढं त्याचं ऑपरेशनही तिथंच झालं, पापणी निम्मी वर आली, आणि त्या निम्म्या पापणीनं अप्पांनी नंतर बरीच वर्षं व्यापाऱ्यांना गोंधळात टाकलं. पण मला आठवते ती फोटो काढले त्या दिवशीची संध्याकाळ. अप्पा उताणे पडलेले, पाय सरळ, वर चादर, चादरीखाली जांघेवर वाळूची पिशवी. हलायचं नाही अशी ताकीद. काका खाली सतरंजीवर घोरत होते. मी खाटेशेजारी बसलो होतो.

चादरीखालून अप्पांचा हात आला आणि माझा हात आत ओढून घेतला. बोटं दाबली. मला कळेना. परत दाबली, हळू, लहान मुलाला शिकवावं तशी. किती झाले, असं विचारत होते. मी तोंड उघडणार होतो. मग थांबलो आणि चुकतमाकत बोटांनीच सांगितलं. आधी एक, मग तीन, म्हणजे तेरा हजार, खाटेसकट. त्यांनी सवयीनं एक बोट कमी करून बघितलं. मी ठाम राहिलो. मग त्यांचा पंजा माझ्या पंजाला येऊन भिडला. गरम होता.

शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा भाऊ इतका वेळ आमच्याकडं बघत होता. त्याचा भाऊ उद्या आत जायचा होता. तो खाटेच्या कडेला सरकला आणि मोठ्यानं म्हणाला, "का हो, तुमची नळी जांघंतून घातली का मनगटातून? अन् किती घेतले?"

माझ्या जिभेवर सगळे आकडे तयार होते. खाट, नळी, औषध, दोन्ही वाटांचा तुलनेचा हिशेब, काकांच्या हमाली-तोलाईसकट. मी जीभ दाताखाली धरली आणि अप्पांकडं बघितलं.

अप्पांनी डोळे मिटलेलेच ठेवले. चादरीखाली माझा हात घट्ट धरलेला होता.

"औंदा पाऊस," ते म्हणाले, "बरा हाय का तुमच्याकडं?"